बीपीवर गोळी नव्हती तेव्हा मुंबईच्या डॉ. वकिलांनी एक मुळी मोजूनमापून वापरली. पार्किन्सनच्या औषधाची वाट तिथूनच गेली

जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरायला लागला की पहिला दोष वयाला दिला जातो. चाल मंदावते, पाऊल घासत पडायला लागतं, चेहऱ्यावरचं हसू कमी होतं, आवाज बारीक होतो. आयुष्यभर भातलावणीला वाकलेला माणूस ओट्यावर बसून राहतो. घरचे तेल चोळतात, कुणी भगताकडं नेतं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं तर नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठायची. म्हणजे एसटीचं भाडं, सोबतीला एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी.

या आजाराचं नाव पार्किन्सन. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत जातो. आजार मुळापासून बरा करणारं औषध आजही नाही. पण लेव्होडोपा नावाची एक गोळी आहे. ती घेतल्यावर कित्येक माणसं पुन्हा स्वतःच्या हातानं जेवतात, शर्टाची बटणं लावतात, चालतात.

आता प्रश्न असा, की पार्किन्सनमध्ये डोपामाइन कमी पडतं हे जगाला कळलं कसं?

उत्तर शोधत मागं गेलं की गाडी स्वीडनला थांबते, तिथून अमेरिका आणि स्वित्झर्लंडमार्गे थेट परळच्या केईएम हॉस्पिटलात येते. तिथं एक हृदयरोगतज्ज्ञ भेटतो. पार्किन्सन हा काही त्याचा विषय नव्हता. त्यानं फक्त एका जुन्या औषधाला नवं काम लावलं आणि त्याचा चोख हिशोब ठेवला.

त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील. आडनाव वकील, पेशा डॉक्टरचा.

लंडनहून परत आले ते मुंबईत

रुस्तम वकील यांचा जन्म १७ जुलै १९११चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वैद्यकीचं शिक्षण लंडनमध्ये झालं. १९३४मध्ये ते डॉक्टर झाले, पुढचं उच्च शिक्षणही तिथंच पूर्ण केलं. हुशार विद्यार्थी होते, लंडनमध्ये राहिले असते तर चांगलं चाललं असतं. पण १९३८मध्ये ते मुंबईला परतले.

तो काळ डोळ्यासमोर आणा. देश पारतंत्र्यात होता. जव्हारला अजून मुकणे राजघराण्याचं संस्थान होतं. मुंबईत परळचं केईएम सुरू होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. इथं रोज शेकडो गरीब रुग्ण यायचे आणि त्यांच्यात रक्तदाबाचे रुग्णही असायचे.

रक्तदाब मोजायचं यंत्र डॉक्टरांकडं होतं. अडचण पुढची होती. आकडा वाढलेला दिसला तरी द्यायला भरवशाची गोळी नव्हती. मीठ बंद करा, आराम करा, झोपेचं औषध घ्या, एवढंच सांगता यायचं. काही ठिकाणी फक्त भात आणि फळं खायला लावत. फारच वाढलं तर मणक्याजवळच्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया करत.

हे फक्त गरिबांच्याच वाट्याला होतं असं नाही. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. शेवटच्या तासांत त्यांचा रक्तदाब ३००च्या घरात गेला होता. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरकडंही त्यावर औषध नव्हतं.

सापाची मुळी, वेड्याची दवा

सर्पगंधा हे कमरेएवढं वाढणारं लहानसं झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या ओलसर जंगलांपर्यंत ते सापडतं. आयुर्वेदात आणि गावोगावच्या औषधांत त्याची मुळी पिढ्यान् पिढ्या वापरात होती. साप चावला, झोप येत नाही, ताप आला, डोकं फिरलं, अशा नाना कारणांसाठी ती दिली जायची. बिहारकडं तर तिची पूड वेड्याची दवा म्हणूनच विकली जायची.

१९३१मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक लेख लिहिला. मानसिक आजारासोबत वाढलेला रक्तदाबही ती खाली आणते, असं त्यांनी मांडलं. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली काही द्रव्यं वेगळी काढली. कोलकात्यातच राम नाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो हे दाखवलं. १९३४मध्ये हिमालया कंपनीनं या मुळीची गोळीही बाजारात आणली. तिचं नाव सर्पिना.

थोडक्यात, वकील मुंबईत परतले तेव्हा औषध होतं, गोळी होती, लेखही छापून आले होते. सर्पगंधेचा शोध वकिलांनी लावला असं कुठं वाचलंत तर ते चूक आहे. मग त्यांनी वेगळं काय केलं?

त्यांनी मोजलं

त्या वेळी सर्पगंधेबद्दलची बरीच माहिती ऐकीव होती. अमक्या वैद्यानं दिली, तमक्याला बरं वाटलं. परदेशातल्या डॉक्टरांना असली माहिती पटणारी नव्हती आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. रक्तदाब हा चंचल प्रकार आहे. दवाखान्यात आल्यावर वाढतो, विश्रांतीनं उतरतो, डॉक्टर दोन शब्द चांगलं बोलले तरी खाली येतो. मग उतरला तो गोळीनं की आरामानं, हे कसं ठरवणार?

वकिलांनी सुमारे दशकभर हे औषध वापरलं, रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. त्यात ५० रुग्णांचा हिशोब होता. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा रक्तदाब उतरला होता.

आजच्या मापानं ५० हा आकडा लहान वाटेल. आज औषधाची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी देतात, कुणाला कोणती मिळाली हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. असल्या चाचण्या तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या. पण आकडे, कालावधी आणि परिणाम एका जागी, कुणालाही तपासता येतील अशा रीतीनं मांडलेले असल्यामुळं परदेशातल्या डॉक्टरांना ते बाजूला सारता आलं नाही.

बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला आणि भारतातून औषध मागवून आपल्या रुग्णांना देऊन पाहिलं. रक्तदाब उतरतो, हे त्यांनाही दिसलं. सोबत रुग्ण शांतही होतात, हेही त्यांनी नोंदवलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसरपीन.

मग जगभर रेसरपीनची लाट आली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना अडेलफेन ही गोळी आठवत असेल. बीपीवरच्या त्या गोळीतही रेसरपीन होतं. न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. बिहारची वेड्याची दवा अमेरिकेच्या मनोरुग्णालयांत पोचली होती.

१९५७मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार रेसरपीनच्या कामासाठी क्लाइन यांच्यासोबत रुस्तम वकिलांनाही मिळाला. पुढच्याच वर्षी भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

औषधानं आजार दाखवला

इथवर गोष्ट सरळ आहे. जुनी मुळी, नवं काम, पुरस्कार. पण पार्किन्सनची गोष्ट रेसरपीनच्या वाईट बाजूतून सुरू होते.

रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांचं नाक चोंदायचं, काहींना सतत झोप यायची. काही जण खोल निराशेत जायचे. मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही मनोरुग्णांमध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. अंग ताठ व्हायचं, हात थरथरायचे, चाल मंद व्हायची. अगदी पार्किन्सनसारखं. औषध थांबवलं की हळूहळू हे सगळं निघून जायचं.

असं का होतं, हा प्रश्न स्वीडनच्या अरविद कार्लसन यांना पडला. प्राण्यांना रेसरपीन दिलं की मेंदूतली काही रसायनं रिकामी होतात, हे तोवर कळलं होतं. १९५७मध्ये कार्लसन आणि सहकाऱ्यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं. शरीर यापासून डोपामाइन बनवतं. थोड्याच वेळात ससे कान उभे करून हिंडायला लागले.

तोपर्यंत डोपामाइन म्हणजे दुसरं रसायन बनवतानाचा मधला टप्पा, एवढीच समजूत होती. ते स्वतःच मेंदूत काम करतं हे कार्लसन यांच्या कामातून पुढं आलं. रेसरपीन डोपामाइनचा साठा रिकामा करतं आणि हालचाल थांबते. मग पार्किन्सनमध्येही हाच साठा आटत असेल का?

१९६०मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पार्किन्सननं मरण पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले. हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामाइन फारच कमी होतं. पुढच्याच वर्षी तिथल्या डॉ. वॉल्थर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपाचं इंजेक्शन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांसाठी उठून चालली. १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत लेव्होडोपा देण्याची पद्धत बसवली. तेव्हापासून आजतागायत पार्किन्सनवरचं मुख्य औषध तेच आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

वकिलांनी पार्किन्सनवर संशोधन केलेलं नव्हतं. पण त्यांचा निबंध बोस्टनला पोचला नसता तर रेसरपीनला जगाची वाट इतक्या लवकर सापडली असती का, हा प्रश्न उरतोच.

वकिलांचं बाकीचं काम

पुरस्कारानंतर वकील थांबले नाहीत. हृदयाचा मोठा झटका येण्याआधी छातीत दुखण्याचा एक मधला टप्पा असतो, तो ओळखून वेळेवर रक्त पातळ करणारं औषध दिलं तर झटका टाळता येतो का, यावर त्यांनी काम केलं. १९६५मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

डॉक्टरकी शिकणाऱ्यांना त्यांचं नाव आणखी एका कारणानं माहीत आहे. १९६९मध्ये भारतीय डॉक्टरांनी भारतीय रुग्णांसाठी लिहिलेलं ‘एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन’ पहिल्यांदा निघालं, त्याचे मुख्य संपादक वकील होते. तोपर्यंत आपली मुलं मुख्यतः इंग्रज आणि अमेरिकन लेखकांची पुस्तकं वाचून शिकत होती. रुग्णाला हातानं, डोळ्यानं, कानानं तपासायचं कसं, हे शिकवणारं त्यांचं आणि अस्पी गोलवाला यांचं पुस्तकही पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं.

२० नोव्हेंबर १९७४ला वकील गेले. वय होतं ६३.

जुनी गोळी, नवं काम: आज काय चाललंय?

एका आजाराचं औषध दुसऱ्या आजारावर वापरून पाहण्याला आज ड्रग रिपर्पजिंग म्हणतात. नवं औषध शून्यातून बनवायला वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा लागतो. जुन्या औषधाचा धोका, मात्रा, किंमत आधीच माहीत असते. त्यामुळं पार्किन्सनमध्ये हा मार्ग सतत चाचपला जातोय.

यातलं जुनं यश म्हणजे अमँटाडीन. ही गोळी फ्लूसाठी होती. १९६८मध्ये बोस्टनजवळच्या एका पार्किन्सनच्या रुग्ण महिलेनं फ्लू होऊ नये म्हणून ती घेतली. तिचा थरथराट आणि ताठरपणा कमी झाला, गोळी बंद केल्यावर परत आला. तिनं हे डॉक्टरांना सांगितलं, डॉ. रॉबर्ट श्वाब यांनी ते मनावर घेतलं आणि १९६९मध्ये १६३ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. आजही ही गोळी पार्किन्सनमध्ये वापरली जाते.

पण प्रत्येक वेळी असं होत नाही. इस्राडिपीन या बीपीच्या गोळीवर मोठी आशा होती. २०२०मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला, पार्किन्सनची वाढ तिनं रोखली नाही. मधुमेहावरच्या एक्सेनाटाइडचंही तसंच झालं, सुरुवातीला आशा दिसली आणि मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्याच जातीच्या लिक्सिसेनाटाइडनं २०२४मध्ये थोडा फायदा दाखवला, सोबत मळमळ-उलटीचा त्रासही दिला. खोकल्याच्या औषधात असणारं अँब्रॉक्सॉल ब्रिटनमध्ये मोठ्या चाचणीत तपासलं जातंय. निकाल येईपर्यंत खोकल्याचं औषध पार्किन्सनसाठी कुणी पिऊ नये.

मग जव्हार-मोखाड्याला याचा काय उपयोग?

पहिली गोष्ट जंगलातली. खाजकुहिली सगळ्यांना माहीत आहे, शेंगेला हात लागला की अंगभर खाज सुटते. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं. मद्रासच्या संशोधकांनी १९३७मध्येच ते वेगळं काढून दाखवलं होतं. १९७८मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुहिली पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन केलेला अभ्यासही छापून आला.

म्हणजे बिया आणून कुटून खायच्या का? नाही. एका बीत किती औषध आहे हे झाडागणिक बदलतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर उलट्या, चक्कर, भास, अंगाच्या नको त्या हालचाली. आधीच लेव्होडोपा चालू असेल तर मात्रा दुप्पट होण्याची भीती. सर्पगंधेचंही तेच, शिवाय ती मुळासकट उपटली जाते. जगभर तिची इतकी लूट झाली की १९९०पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. रेसरपीननं जसा पार्किन्सनसारखा त्रास व्हायचा, तसा आजच्या काही साध्या गोळ्यांनीही होतो. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड, चक्करीवरचं सिनॅरिझीन, अर्धशिशीवरचं फ्लुनॅरिझीन, मानसिक आजारावरची काही औषधं. म्हाताऱ्या माणसानं यातली गोळी महिनोन्महिने घेतली तर हात थरथरू शकतो, अंग ताठ होऊ शकतं. अशा वेळी गोळी बदलली की बहुतेकांचा त्रास कमी होतो, त्याला काही महिने लागू शकतात. म्हणजे ज्याला आपण वय समजतोय किंवा पार्किन्सन समजतोय, तो कदाचित उशाच्या पिशवीतल्या गोळ्यांच्या पाकिटात लपलेला असेल.

म्हणून घरातल्या कुणाचा हात थरथरायला लागला, चाल मंदावली तर एक काम करा. चालू असलेली आणि गेल्या वर्षभरात घेतलेली सगळी औषधं, मुळ्या-काढे धरून, एका पिशवीत घाला आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांसमोर ठेवा. त्रास कधी सुरू झाला, कोणत्या हातापासून, कोणती गोळी कधीपासून, हे घरातल्या शिकलेल्या पोरानं वहीत लिहून न्यावं. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. पार्किन्सनच निघाला तर लेव्होडोपा ठरलेल्या वेळीच द्यायची असते, तीही बंद पडू देऊ नका.

केईएममध्ये डॉ. वकिलांनीही याहून फार वेगळं काही केलं नव्हतं. औषध कोणतं, कधीपासून, काय झालं, हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. अमँटाडीनचा गुण तर एका रुग्ण बाईनं स्वतःच्या अंगावर लक्ष ठेवल्यामुळं कळला. मोखाड्याहून नाशिकच्या एसटीत बसताना ती पिशवी आणि ती वही मात्र विसरू नका.